ह्मोंग लोकांचे मूळ कोठले? चार उत्तरे आणि त्यांतले खरे कोणते

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपले जावई ह्मोंग आहेत, म्हणजे दक्षिण चीन व आग्नेय आशियाच्या डोंगरांत राहणाऱ्या एका समाजाचे. त्यांचे आईवडील लाओसमधून थायलंडच्या निर्वासित छावणीमार्गे मिनेसोटातील सेंट पॉल शहरात आले, आणि आता नातीला शाळेसाठी दोन्ही घराण्यांच्या मूळस्थानाविषयी लिहायचे आहे. मराठी बाजूचे लिखाण सहज झाले, पण ह्मोंग बाजूला विचारले तेव्हा चार उत्तरे हाती आली. आजोबा लाओस म्हणतात, आजी चीन म्हणतात, जावयांचे काका मंगोलिया किंवा सायबेरिया असे ठामपणे सांगतात, आणि डीएनए चाचणीच्या अहवालात दक्षिण चीन व व्हिएतनाम यांची टक्केवारी छापून आली. यांतले खरे कोणते, असे आपण विचारले आहे.

तुलनात्मक भाषाशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि गेली बरीच वर्षे मी मिनेसोटातील निर्वासित कुटुंबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम करते. हा गोंधळ माझ्यापुढे वारंवार येतो. माझे मत आधीच सांगते: काकांचे उत्तर टिकत नाही, उरलेली तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ती एकमेकांशी भांडताना दिसतात, कारण 'मूळ' या एकाच नावाखाली आपण निरनिराळे प्रश्न विचारत असतो. हे कुटुंब कोणत्या वाटेने आले, त्याची भाषा कोठे घडली, रक्ताचे पूर्वज कोठे राहत होते आणि 'आपण सारे एक' ही जाणीव कशावर उभी आहे, हे ते प्रश्न होत. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो.

कुटुंबाच्या वाटेपासून सुरुवात करणे मला नेहमीच सोयीचे वाटते, कारण तिथे माहितीचा आधार सर्वांत पक्का असतो. अमेरिकेतील बहुतेक ह्मोंग कुटुंबे लाओसच्या ईशान्येकडील डोंगराळ भागातून, विशेषतः शिएंग ख्वांग प्रांत आणि त्याच्या आसपासच्या मुलखातून आलेली आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने लाओसमध्ये साम्यवाद्यांविरुद्ध जे छुपे युद्ध चालवले, त्यात जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंग तरुण मोठ्या संख्येने लढले. लाँग तिएंग हा त्यांचा तळ होता. मे १९७५ मध्ये तो तळ पडला आणि सुडाच्या भीतीने हजारो कुटुंबांनी जंगलातून पायी चालत मेकाँग नदी गाठली व पलीकडे थायलंड गाठले. लोइ प्रांतातील बान विनाइ ही त्यांची सर्वांत मोठी छावणी. तिथून कोणी अमेरिकेत, कोणी फ्रान्समध्ये, कोणी ऑस्ट्रेलियात गेले. काही कुटुंबांना फ्रान्सने १९७७ पासून दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात वसवले, आणि तिथल्या काकाओ गावातले ह्मोंग शेतकरी आज राजधानी कायेनच्या बाजाराला भाजीपाला पुरवतात.

म्हणजे आजोबांचे 'लाओस' हे उत्तर खरे आहे, पण ते काही पिढ्यांपुरते. ह्मोंग लोक लाओसमध्ये आले ते साधारण १९व्या शतकात, उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांमधून किंवा थेट चीनच्या युनान प्रांतातून. व्हिएतनामच्या सीमेलगतचे नोंग हेत हे त्यांच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. त्यामागचे कारण चीनच्या इतिहासात आहे. १७२० च्या दशकापासून छिंग राजवटीने नैऋत्येकडील स्थानिक सरदार हटवून तिथे आपले अधिकारी नेमण्याचा सपाटा लावला. पाठोपाठ करांचा बोजा वाढला, खोऱ्यांतल्या जमिनीवर हान, म्हणजे चीनमधील बहुसंख्य समाजाचे, वसाहतवाले उतरले आणि बंडे उसळली. १७९५ मध्ये हूनान व ग्वेइचौ या प्रांतांच्या सीमेवर उठलेले बंड आणि १८५४ ते १८७३ या काळात ग्वेइचौमध्ये चाललेले दीर्घ युद्ध ही त्यांतली मोठी. प्रत्येक बंड मोडल्यावर काही लोक आणखी दक्षिणेला सरकले. सगळेच जीव वाचवायला पळाले असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिका खंडातून आलेला मका उंच उतारांवर पिकू लागला होता, फिरती शेती करणाऱ्यांना काही वर्षांनी नवे डोंगर लागतच होते आणि दक्षिणेला जागा मोकळी होती. परदेशांत विखुरलेल्या ह्मोंगांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात केवळ छळाची आणि पलायनाची कहाणी राहते, शेतकऱ्याचा हिशेब गळून पडतो. नातीच्या लेखात तो दोन ओळींत तरी यावा असे मला वाटते.

आता आजींच्या 'चीन' या उत्तराकडे येऊ. इथे एक खुलासा आधीच करायला हवा. चीन सरकारच्या यादीत 'म्याओ' नावाचा एक अधिकृत अल्पसंख्य समाज आहे आणि २०२० च्या जनगणनेत त्याची संख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. ह्मोंग हे या म्याओंपैकी एक. आग्नेय ग्वेइचौमधले ह्मू, पश्चिम हूनानमधले खो-शियोंग आणि ग्वेइचौ-युनान सीमेवरचे आ-ह्माओ यांनाही सरकारी दप्तरात म्याओच म्हटले जाते, पण त्यांच्या भाषा परस्परांना कळत नाहीत. शिंगांच्या आकाराचे चांदीचे भलेमोठे शिरोभूषण घातलेल्या मुलींची जी छायाचित्रे 'ह्मोंग' म्हणून सर्रास फिरतात, ती बहुतेक वेळा ह्मू मुलींची असतात. सेंट पॉलचे एखादे कुटुंब मूळ शोधायला म्हणून ग्वेइचौतील शीच्यांग या प्रसिद्ध पर्यटनगावी जाते, तिथे एक वाक्यही न कळल्याने हिरमुसून परत येते, आणि तेच कुटुंब युनानच्या वनशान भागात गेले तर बाजारातल्या बाईशी गप्पा मारू शकते. चीनमध्ये 'म्याओ' हे नाव आज सन्मानाने वापरले जात असले, तरी त्याचेच 'मेओ' हे रूप लाओस व थायलंडमध्ये हिणवण्यासाठी वापरले गेले आहे. लेखात 'ह्मोंग' असेच लिहावे. चीनबाहेर व्हिएतनाममध्ये त्यांची संख्या सुमारे १४ लाख, लाओसमध्ये सुमारे ६ लाख आणि अमेरिकेत ३ लाखांहून अधिक आहे.

या सगळ्यांना जोडणारा सर्वांत जुना धागा भाषेचा आहे. ह्मोंग, ह्मू, खो-शियोंग या भाषा आणि याओ समाजातील मिएन लोकांची भाषा मिळून ह्मोंग-मिएन हे भाषाकुल होते. चिनी अभ्यासकांनी दीर्घकाळ त्याला चिनी-तिबेटी कुलात गणले. बाहेरचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र कुल मानतात, आणि माझेही मत तेच आहे. चिनीशी दिसणारे साम्य मुख्यतः दोन-अडीच हजार वर्षांच्या शेजारातून आलेल्या उसन्या शब्दांचे आहे. चार ते नऊ हे अंक तर चिनीकडूनही नव्हे, तिबेटी-बर्मी भाषांकडून घेतलेले दिसतात. आजच्या बोलींची तुलना करून त्यांची मूळ भाषा जेव्हा उभी केली जाते, तेव्हा तिचा काळ साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा निघतो आणि तिच्या शब्दसंग्रहात भातशेतीचे, दक्षिणेकडच्या झाडांचे व प्राण्यांचे शब्द सापडतात. हिमप्रदेशातून, गवताळ मैदानातून घोडे हाकत आलेल्या लोकांची भाषा अशी दिसत नाही. ही भाषा यांगत्से नदीच्या मध्य खोऱ्यात किंवा त्याच्या दक्षिणेला, म्हणजे ढोबळमानाने आजच्या हूनान-हूबेइच्या आसपास बोलली जात असावी, असा अंदाज बहुतेक जण करतात. गाव किंवा जिल्हा सांगण्याइतकी नेमकी माहिती भाषाशास्त्रातून निघत नाही. जो कोणी ती सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

जनुकीय पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यांगत्सेच्या काठच्या प्रागैतिहासिक सांगाड्यांतील वाय गुणसूत्रे (बापाकडून मुलाकडे जाणारी) तपासली गेली, तेव्हा तीन घळींच्या परिसरातील दाशी संस्कृतीच्या स्थळी, म्हणजे पाच हजार वर्षांहून जुन्या थरात, आजच्या ह्मोंग-मिएन भाषक पुरुषांमध्ये ठळकपणे आढळणारी एक शाखा मिळाली. नमुने थोडे होते, आणि हाडांवरून भाषा कळत नाही, हे दोन्ही लक्षात ठेवायला हवे. तरीही भाषेचा अंदाज आणि हाडांचा अंदाज स्वतंत्रपणे एकाच खोऱ्यात येऊन थांबतात, ही गोष्ट मला वजनदार वाटते. दक्षिण चीनमधील ग्वांगशीमध्ये सापडलेल्या सुमारे ५०० वर्षांपूर्वीच्या अवशेषांतही आजच्या ह्मोंग-मिएन लोकांशी जवळचे नाते दिसले आहे.

घरी मागवलेल्या चाचणीचा अहवाल ही मात्र निराळी वस्तू आहे. तुमच्या लाळेची तुलना कंपनीकडे असलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी होते आणि त्यांतल्या त्यात जवळच्या गटाचे नाव छापले जाते. कंपनीकडे ह्मोंग नमुने पुरेसे नसतील, तर तोच माणूस 'दक्षिण चीन' आणि 'व्हिएतनाम' यांच्यात विभागला जातो. त्याचा अर्थ जावयांचे पणजोबा व्हिएतनामी होते असा होत नाही. दुसरी गंमत अशी की, थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि आपसातच लग्ने करत आलेल्या समाजात सर्वांचाच डीएनए बराच सामायिक असतो. अशा वेळी अहवालात 'तिसऱ्या पिढीतले चुलत भाऊ' म्हणून आलेली लांबलचक यादी प्रत्यक्षात त्याहून बरीच दूरची असते. अशा यादीवरून वंशवृक्ष काढू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

काकांच्या सायबेरियाविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण ती त्यांची एकट्याची समजूत नाही. १९२४ साली म्याओंचा इतिहास प्रसिद्ध करणारे फ्रेंच मिशनरी साव्हिना यांनी काही लोकांचे फिकट केस व डोळे आणि 'सहा महिने दिवस, सहा महिने रात्र' असलेल्या बर्फाळ देशाची कथा यांवरून या लोकांचा उगम उत्तरेला व पश्चिमेला नेला, थेट मेसोपोटेमियापर्यंत. १९८० च्या दशकात अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका लोकप्रिय इतिहासाने ही कल्पना उचलली, आणि नवख्या देशात आपल्याविषयी काही वाचायला शोधणाऱ्या ह्मोंग विद्यार्थ्यांच्या हाती नेमके तेच पडले. त्याच परंपरेत सोनोम नावाच्या 'ह्मोंग राजा'ची गोष्ट येते. इतिहासकार रॉबर्ट एंटेनमान यांनी मूळ चिनी साधने तपासून दाखवले की, १७७० च्या दशकात छिंग फौजांशी लढलेला हा सोनोम सिच्वानच्या पश्चिमेकडील जिनच्वानचा, तिबेटी परंपरेतला सरदार होता. ह्मोंगांशी त्याचा संबंध नव्हता. बर्फाच्या कथेसाठीही सायबेरिया गाठण्याची गरज नाही, ग्वेइचौच्या पठारावर हिवाळ्यात बर्फ पडते. काकांना हे सांगताना मात्र जपून सांगावे. ज्यांचा लिखित इतिहास दुसऱ्यांनीच लिहिला, त्यांनी मिळालेल्या पुस्तकावर विश्वास ठेवला, यात त्यांचा काय दोष?

याच्याच शेजारी ची यौ याची कथा आहे, आणि ती नातीला नक्की कोणीतरी सांगेल. पीत सम्राट ह्वांगतीशी चुओलू येथे लढून हरलेला हा पराक्रमी राजा म्हणजे म्याओंचा आदिपुरुष, आणि त्याच्या पराभवानंतर त्याची प्रजा पीत नदीकडून दक्षिणेला गेली, असे ही कथा सांगते. प्राचीन चिनी ग्रंथांत सान म्याओ नावाच्या लोकांचाही उल्लेख आहे आणि त्यांचा मुलूख दोंगतिंग सरोवराच्या बाजूला सांगितला आहे. अडचण अशी की, प्राचीन चिनी इतिहासकार सिमा चियेनने हा इतिहास लिहिला तो इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास, कथित लढाईनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. शिवाय 'म्याओ' हे नाव त्यानंतर कित्येक शतके जवळजवळ लुप्त होते आणि दक्षिणेतल्या सर्वच बिगर-हान लोकांना 'मान' म्हटले जाते. मधला दुवा नसताना दोन टोके जोडणे मला इतिहास म्हणून मान्य नाही. पण १९९० च्या दशकात हेबेइतील चुओलू येथे ह्वांगती आणि यानती या दोन दंतकथेतल्या सम्राटांच्या बरोबरीने ची यौची मूर्ती असलेले त्रिपूर्वजांचे मंदिर उभे राहिले, ही घटना इतिहासच आहे. हरलेल्याला बंडखोराऐवजी पूर्वज म्हणून मान मिळावा, यासाठी म्याओ विद्वानांनी केलेला आग्रह त्यामागे होता. ची यौ हा उगमाचा पुरावा नसून आजच्या अस्मितेचा पूर्वज आहे, असे मी म्हणेन. आणि त्या अर्थाने तो खराच आहे.

मग चीनपासून मिनेसोटापर्यंत विखुरलेल्या ह्मोंगांचा प्रत्यक्ष सामायिक वारसा कोणता? माझ्या अनुभवात तो राजांच्या कथांपेक्षा घरातल्या रीतींमध्ये जास्त सापडतो. पहिली गोष्ट कुळाची. वांग, शियोंग, यांग, ली, लो, मुआ, थाओ, वू, हर अशी साधारण १८ कुळे मानली जातात आणि एकाच कुळात लग्न होत नाही. महाराष्ट्रात देवक पाळणाऱ्या घरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. महापुरानंतर वाचलेल्या भावाबहिणीला मूल म्हणून मांसाचा गोळा झाला, त्याचे तुकडे करून टाकले आणि प्रत्येक तुकड्यापासून एकेक कुळ निघाले, अशी त्याची उत्पत्तिकथा आहे. नववर्षाच्या उत्सवात तरुण-तरुणी समोरासमोर उभे राहून चेंडू फेकतात, तेव्हाही समोरचा आपल्या कुळाचा नसावा लागतो. अनोळखी गावात गेलेल्या ह्मोंग माणसाला स्वतःच्या कुळाचे घर आधार देते, रक्ताचे नाते सापडो न सापडो. खरे जवळचे भाऊबंद कोण, हे मात्र कुळाच्या नावावरून ठरत नाही. घरातल्या देवतांचे विधी, दारापाशी करायचा विधी आणि अंत्यविधीतले बारकावे तंतोतंत जुळले, तर 'आपला मूळपुरुष एक' असे धरले जाते. आपल्या मुलीला सासरी प्रथम नेताना उंबरठ्यावर तिच्या डोक्यावरून कोंबडा फिरवला असेल, तर त्या विधीने ती सासरच्या देवतांच्या छत्राखाली आली.

दुसरी गोष्ट अंत्यविधीतील 'खुआ के', म्हणजे मृताला वाट दाखवणारे गाणे. मूळस्थानाच्या शोधात मला सर्वांत मोलाचे साधन हेच वाटते. गाणारा मृताच्या आत्म्याला त्याने जिथे जिथे वास्तव्य केले त्या प्रत्येक ठिकाणी उलट क्रमाने नेतो, तिथल्या भूमीचे आभार मानायला लावतो, आणि शेवटी जन्मस्थानी आणतो. तिथे जन्माच्या वेळी पुरलेली वार (प्लॅसेंटा) आत्म्याने अंगरख्यासारखी अंगावर घ्यायची आणि मग पूर्वजांकडे जायचे. मुलाची वार घराच्या मधल्या खांबापाशी आणि मुलीची आईवडिलांच्या खाटेखाली पुरत असत. सेंट पॉलमध्ये वारलेल्या वृद्धाच्या गाण्यात अमेरिकेतली शहरे, थायलंडची छावणी आणि लाओसमधली गावे ओळीने येतात. कागदपत्रांत न सापडणारी गावे मला अशा गाण्यांत सापडली आहेत. त्याची मर्यादाही आहे. गाणे त्या एका माणसाच्या जन्मगावापर्यंतच भूगोल सांगते, त्यापुढे सुरवंटांचा डोंगर लागतो, जो ओलांडायला मृताच्या पायात तागाचे जोडे घालतात. तो डोंगर नकाशावर शोधू नये. घर ख्रिस्ती झालेले असेल, तर हे गाणे बहुधा म्हटलेच गेले नसेल आणि मग आजी-आजोबांच्या तोंडूनच गावांची यादी घ्यावी लागेल.

कशिद्याविषयी थोडक्यात. 'पा न्दाउ' या भरतकामातील नक्ष्या ही हरवलेली लिपी आहे, असे पुष्कळदा ऐकायला मिळते. लिपी नदी ओलांडताना बुडाली किंवा घोड्याने पुस्तक खाल्ले, अशा कथाही आहेत. नक्षी वाचता येते याचा पुरावा मला कोठे मिळालेला नाही. युद्ध आणि पलायनाची चित्रे भरलेली जी कापडे संग्रहालयांत दिसतात, ती तर १९७० च्या दशकात छावण्यांमध्ये सुरू झालेली कला आहे. आजच्या लिप्याही विसाव्या शतकातल्याच: रोमन लिपी १९५० च्या दशकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी लाओसमध्ये बसवली, आणि शोंग लू यांग या स्वतः निरक्षर असलेल्या शेतकऱ्याने १९५९ मध्ये 'पाहाऊ' ही स्वतंत्र लिपी निर्माण केली. १९७१ मध्ये त्यांची हत्या झाली.

आता प्रत्यक्ष काय करावे. कागदांवरच्या जन्मतारखा गंभीरपणे घेऊ नयेत, कारण छावणीत नोंदणी करताना अनेकांच्या तारखा अंदाजाने, पुष्कळदा १ जानेवारी अशा लिहिल्या गेल्या. लग्न होऊन मुले झाल्यावर ह्मोंग पुरुषाला सासरकडून प्रौढपणाचे नाव मिळते, त्यामुळे एकच आजोबा दोन कागदांवर दोन नावांनी सापडू शकतात. आजी मात्र लग्नानंतरही माहेरचे कुळनाव ठेवतात, म्हणून दोन आडनावे पाहून गोंधळू नये. काही कुटुंबांनी अमेरिकेत कुळाऐवजी आजोबांचे नाव आडनाव म्हणून लावले आहे, तेव्हा कुळ स्वतंत्रपणे विचारावे. आजी-आजोबांशी बोलताना 'तुम्ही मूळचे कोठले' असे विचारू नये. 'तुमची वार कोठे पुरली' असे विचारले की उत्तर नेमके येते, आणि मग 'तुमच्या वडिलांची कोठे' असे एकेक पिढी मागे जाता येते. सहसा दोन-तीन पिढ्यांनंतर व्हिएतनाममधले किंवा युनानमधले एखादे नाव येते आणि साखळी थांबते. ती थांबली तिथेच थांबवावी.

नातीने लिहायचे झाले तर क्रम असा ठेवता येईल: बाबांचे कुटुंब सेंट पॉलचे, आजी-आजोबा लाओसच्या डोंगरातले, त्यांचे पूर्वज १९व्या शतकाच्या आसपास दक्षिण चीनमधून आलेले, आणि त्यांच्या भाषेचे सर्वांत जुने माहीत असलेले घर बहुधा यांगत्सेचे मध्य खोरे. ची यौची कथा आणि बर्फाच्या देशाची कथा 'आमच्याकडे असे सांगतात' या शब्दांनी स्वतंत्र चौकटीत द्यावी, म्हणजे काकांचाही मान राहील.

जावयांचे कुळ, घरात पांढऱ्या ह्मोंगांची बोली बोलतात की हिरव्या ह्मोंगांची (या त्यांच्या दोन मुख्य शाखा), आणि आजोबांच्या जन्मगावाचे नाव कळवलेत, तर त्या भागातील कुटुंबे साधारणतः कोणत्या वाटेने आली असावीत, हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल. गावाचे नाव आजोबा उच्चारतात तसेच ध्वनिमुद्रित करून पाठवा. लिहून पाठवले तर स्वराचा चढउतार हरवतो आणि दोन वेगळी गावे एकच वाटू लागतात.